वाफेच्या इंजिनाचे विसरलेले कर्ते

(दौलताबाद येथें गांवकरी व पालक मंडळींपुढें झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आगगाडीचें इंजिन कोणीं शोधलें, असें शाळेंतल्या कोणत्याहि मुलाला विचारा. तो चटकन् सांगेल, "स्टीफन्सननें." वाफेची शक्ति कोणीं ओळखली असें विचारलें तर म्हणेल, "जेम्स वॅटनें, किटलीचें झांकण उडतांना पाहून." दोन प्रश्न, दोन नांवें आणि परीक्षेचे दोन गुण. मी मास्तर माणूस, गुण देतोंच. परंतु हीं दोन्ही उत्तरें अर्धींमुर्धीं आहेत. उरलेल्या अर्ध्या उत्तरांत लोहार, सुतार, खाणीवरचे मजूर, भट्टींत कोळसा टाकणारे असे कष्टकरी लोक आहेत. आज त्यांच्याविषयीं बोलावें असें मनांत आहे.

कोणी म्हणेल, विलायतेंतल्या लोहारांची चौकशी दौलताबादेंत कशाला? मंडळी, आपल्या गांवाचा किल्लाच पहा. डोंगराचा कडा सभोंवार तासून भिंतीसारखा उभा केला आहे आणि त्याच्या पायथ्याशीं काळ्या खडकांत खंदक खोदला आहे. यादव राजांचीं नांवें आपणांस ठाऊक आहेत. १३२७ सालीं दिल्लीची राजधानी येथें आणणारा महंमद तुघलक पोरासोरांना ठाऊक आहे. पण तो कडा ज्यांनीं छिन्नीनें तासला त्या पाथरवटांपैकीं एकाचें तरी नांव कोणी सांगेल काय? तो काळ फार जुना, कागद उरले नाहींत, असें म्हणून आपण गप्प बसतों. आगगाडीचें इंजिन मात्र सव्वादोनशें वर्षांतलें काम आहे. त्याचे कागद, नकाशे, हिशेब सारे शाबूत आहेत. तरीहि बहुतेक नांवें लोकांच्या तोंडीं राहिलीं नाहींत. तेव्हां दोष एकट्या काळाचा नव्हे, आपल्या पाहण्याच्या रीतीचाहि आहे.

प्रथम इंजिन म्हणजे काय तें सरळ समजून घेऊं. आपल्या घरीं आंघोळीचें पाणी तापवायचा तांब्याचा बंब असतो. मधोमध नळी, नळींत विस्तव, भोंवतीं पाणी. त्या बंबाचें तोंड घट्ट बंद केलें आणि वाफ एका नळकांड्यांत सोडली, तर ती आंतला दट्ट्या ढकलते. दट्ट्या पुढेंमागें होतो, त्याला जोडलेला दांडा चाक फिरवतो. इतकी ही युक्ति. पण ही युक्ति वॅटला किटलीजवळ बसून सुचली नाहीं. त्याच्या कितीतरी आधीं, १७१२ सालीं, टॉमस न्यूकोमेन नांवाच्या लोखंडी सामान विकणाऱ्या माणसानें खाणींतलें पाणी उपसणारें वाफेचें यंत्र चालवून दाखवलें होतें. त्यांत कोळसा बेसुमार जळे. वॅटनें वाफ थंड करण्यासाठीं निराळें भांडें जोडलें, १७६९ सालीं पेटंट घेतलें आणि कोळशाची फार बचत केली. वॅट मोठा कारागीर होता, त्यांत शंका नाहीं. परंतु त्याचें यंत्र मंद वाफेवर चाले. वाफ थंड होऊन दट्ट्याच्या एका बाजूला पोकळी व्हावी आणि दुसऱ्या बाजूच्या मंद वाफेच्या दाबानें काम व्हावें, ही त्याची रीत. त्यामुळें नळकांडें प्रचंड लागे, पाणी पुष्कळ लागे आणि यंत्राला घर बांधावें लागे. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की जशी ओढ्याकांठून उचलून बाजारांत नेतां येत नाहीं, तसेंच वॅटचें यंत्र जागचें हलत नव्हतें. धान्य चक्कीकडे न्यायचें. चक्की धान्याकडे यायची नाहीं.

यंत्राला स्वतःच्या चाकांवर चालवायचें तर वाफ जोरदार हवी, म्हणजे लहान नळकांड्यांत मोठें काम होतें. हें वॅटच्याच कारखान्यांतल्या एका नोकराच्या ध्यानांत आलें होतें. त्याचें नांव विल्यम मर्डॉक. १७८४ च्या सुमारास कॉर्नवॉल प्रांतांत रेडरुथ या गांवीं त्यानें आपोआप धांवणारी लहानशी प्रतिकृति केली. मालकांना तें रुचलें नाहीं. खाणीचीं इंजिनें सांभाळणारा कसबी नोकर अशा नादांत वेळ घालवतो, ही त्यांची तक्रार. मर्डॉकचें काम तेथेंच थांबलें.

त्याच प्रांतांत रिचर्ड ट्रेव्हिथिक वाढत होता. जन्म १७७१, बाप खाणीवरचा मुकादम. ह्या पोराविषयीं त्याच्या मास्तराचा शेरा प्रसिद्ध आहे. पोर हट्टी, मठ्ठ, लाडावलेला, सदा गैरहजर आणि वर्गांत लक्ष नसलेला, असा त्याचा अर्थ. आम्हां मास्तर लोकांनीं हा शेरा भिंतीवर लावून ठेवावा. कारण ह्याच पोरानें पुढें जगांतलें पहिलें रुळांवर चालणारें वाफेचें इंजिन केलें. शाळेंत त्याचें लक्ष नव्हतें तेव्हां तें खाणीच्या इंजिनांवर होतें.

वॅटचें पेटंट १८०० सालीं संपलें आणि ट्रेव्हिथिकला वाट मोकळी झाली. त्यानें वाफ थंड करण्याचें भांडेंच टाकून दिलें. जोरदार वाफेनें दट्ट्या सरळ ढकलावा आणि काम झालेली वाफ धुराड्यांतून बाहेर सोडावी. ह्या सोडण्यांतहि मोठा लाभ झाला. धुराड्यांतून फुसफुसत वर जाणारी वाफ विस्तवाला वारा ओढून घेते. लोहाराच्या भात्याचें काम आपोआप होतें. १८०१ सालीं कॅम्बोर्न येथें त्यानें साध्या रस्त्यावर वाफेची गाडी चालवली. १८०३ सालीं ग्रिनिच येथें त्याच्या पद्धतीचा एक बंब फुटला आणि चार माणसें मेलीं. जोरदार वाफ म्हणजे मरण, असें सांगायला विरोधकांना आयतें निमित्त मिळालें. ट्रेव्हिथिकनें वाद घालण्यापेक्षां उपाय केला. बंबांत शिशाची गुडदी बसवली. पाणी कमी होऊन बंब तापला कीं शिसें वितळे आणि वाफ बाहेर पडून विस्तव थंडावे.

मग २१ फेब्रुवारी १८०४ चा दिवस आला. वेल्समधील पेनीडॅरन येथील लोखंडाच्या कारखान्याच्या मालकानें पैज मारली होती, कीं हें यंत्र दहा टन लोखंड घोड्यांशिवाय ओढून नेईल. ट्रेव्हिथिकच्या इंजिनानें दहा टन लोखंड, पांच वाघिणी आणि वर चढून बसलेलीं सुमारें सत्तर माणसें नऊ मैलांहून अधिक अंतर चार तास पांच मिनिटांत ओढून नेलीं. तुम्ही म्हणाल, माणूस पायीं गेला असता तरी लवकर पोंचला असता. खरें आहे. पण त्या दिवशीं प्रश्न वेगाचा नव्हता. घोडा नाहीं, बैल नाहीं, आणि ओझें चाललें, हें त्या दिवशीं सिद्ध झालें.

इंजिन जिंकलें, पण रूळ हरले. ओतीव लोखंडाचे ते ठिसूळ रूळ पांच टनांच्या इंजिनाखालीं तुटत गेले. १८०८ सालीं लंडनमध्यें त्यानें गोल मार्ग घालून इंजिन लोकांना दाखवलें, तेथेंहि रुळांनीं दगा दिला. पुढें नशीब काढायला तो दक्षिण अमेरिकेंत खाणींवर गेला आणि अकरा वर्षांनीं, १८२७ सालीं, रिकाम्या हातानें परतला. वाटेंत एका बंदरांत त्याला रॉबर्ट स्टीफन्सन भेटला आणि त्यानें घरीं जाण्यापुरते पन्नास पौंड दिले. १८३३ सालीं डार्टफर्ड गांवांत एका खाणावळींत ट्रेव्हिथिक वारला. जवळ पैसा नव्हता. ज्या कारखान्यांत तो शेवटीं काम करीत होता तेथल्या कामगारांनीं वर्गणी काढून त्याला माती दिली. थडग्यावर दगडसुद्धां बसला नाहीं. त्या वेळीं इंग्लंडांत आगगाड्या धांवूं लागल्या होत्या.

ट्रेव्हिथिकनंतरचीं वर्षें शाळेच्या पुस्तकांत बहुधा कोरीं असतात. कामाच्या दृष्टीनें तीं भरलेलीं आहेत. लीड्स शहरांत मॅथ्यू मरे नांवाचा कारागीर होता, चौदाव्या वर्षीं लोहाराच्या हाताखालीं उमेदवारीला लागलेला. रूळ तुटूं नयेत म्हणून इंजिन हलकें हवें, आणि हलकें इंजिन रुळावर घसरेल अशी भीति. यावर जॉन ब्लेन्किन्सॉप यानें रुळाला दांते आणि इंजिनाला दात्यांचें चाक अशी योजना काढली, आणि मरेनें दोन नळकांड्यांचें इंजिन घडवलें. १८१२ सालीं मिडलटनच्या कोळशाच्या खाणीवर तें चालूं लागलें आणि वर्षानुवर्षें धंद्यांत टिकलें. पैसा मिळवून देणारी वाफेची पहिली आगगाडी ती. त्यानंतर वायलम गांवच्या खाणीवर विल्यम हेडली यानें प्रयोग करून दाखवलें कीं गुळगुळीत चाकहि गुळगुळीत रुळावर पकड घेतें, दांत्यांची गरज नाहीं. त्याचें "पफिंग बिली" हें इंजिन लंडनच्या संग्रहालयांत आजहि उभें आहे. तें घडवण्यांत खाणीच्या लोहारखान्याचा हात होता, आणि त्या लोहारखान्यांत टिमथी हॅकवर्थ हा लोहाराचा पोर होता.

आतां जॉर्ज स्टीफन्सनकडे येऊं. त्याला खालीं ओढण्यासाठीं हें व्याख्यान नाहीं, हें मी मुद्दाम सांगतों. तो तर आपल्याच जातकुळीचा, म्हणजे कष्टकऱ्यांच्या. जन्म १७८१, त्याच वायलम गांवांत. बाप खाणीच्या पंपाच्या भट्टींत कोळसा टाकणारा. घरांत शाळेला पैसा नव्हता. अठराव्या वर्षापर्यंत जॉर्जला स्वतःचें नांव लिहितां येत नव्हतें. मग मजुरींतले पैसे देऊन तो रात्रीच्या शाळेंत बसला. १८१४ सालीं त्यानें पहिलें इंजिन केलें. १८१५ सालीं खाणींत स्फोट होऊं नये म्हणून सुरक्षित कंदील केला, त्याच सुमारास हम्फ्री डेव्ही या नामांकित विद्वानानेंहि केला. तेव्हां विद्वान मंडळींनीं म्हटलें कीं न शिकलेल्या खाणमजुराला हें सुचणें शक्यच नाहीं, त्यानें चोरलें असावें. पुढें पार्लमेंटच्या कमिटीनें त्याचा हक्क मान्य केला. म्हणजे ज्याच्या नांवाखालीं इतर झांकले गेले, त्यालाहि आधीं झांकण्याचा यत्न झालाच होता.

१८२५ सालीं स्टॉक्टन-डार्लिंग्टनची आगगाडी सुरू झाली. तिचीं इंजिनें वारंवार बिघडत. मालक पुन्हा घोड्यांकडे वळण्याच्या विचारांत होते. त्या वेळीं हॅकवर्थ तेथला इंजिनांचा मुख्य होता. त्यानें १८२७ सालीं शिल्डन येथें "रॉयल जॉर्ज" हें सहा जोडचाकांचें दणकट इंजिन बांधलें आणि वाफेची अब्रू राखली. १८२९ च्या ऑक्टोबरांत रेनहिल येथें इंजिनांची शर्यत झाली, बक्षीस पांचशें पौंड. हॅकवर्थचें इंजिन मध्येंच नळकांड्याला तडा जाऊन थांबलें. स्टीफन्सन बापलेकांचें "रॉकेट" जिंकलें. पण रॉकेटची खरी गोम कोणती? जुन्या बंबांत विस्तवाची एकच मोठी नळी असे. रॉकेटच्या बंबांत पंचवीस तांब्याच्या नळ्या होत्या. पाण्याला पंचवीस ठिकाणीं आंच लागली, वाफ भराभर झाली. ही सूचना हेन्री बूथ याची. तो आगगाडी कंपनीचा चिटणीस होता, कारागीर नव्हता. फ्रान्समध्यें मार्क सेगें यानेंहि त्याच सुमारास तीच युक्ति काढली. तेव्हां एका रॉकेटमध्यें किती माणसें आहेत, तें मोजा.

आतां आपल्या मुलखांत येऊं. १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबईहून ठाण्यापर्यंत २१ मैल आगगाडी धांवली. १४ डबे, सुमारें ४०० पाहुणे, तोफांची सलामी. इंजिनें विलायतेहून, व्हल्कन फाउंड्रींतून आलेलीं. त्याआधीं, १८५२ सालीं, ठेकेदारांनीं बांधकामाचा माल ओढायला एक इंजिन मुंबईंत आणलें होतें. त्याला गव्हर्नर फॉकलंडचें नांव दिलें. तें चालवणाऱ्याचें नांव मात्र आपल्या मुलांना कोणी शिकवीत नाहीं.

परंतु मुंबईला वाफ तेव्हां नवीन नव्हती. माझगांवच्या गोदींत जहाजें बांधणाऱ्या वाडिया घराण्यांतले अर्देशीर खरशेटजी, जन्म १८०८, यांनीं तरुणपणींच एका अश्वशक्तीचें वाफेचें इंजिन स्वतः घडवलें. १८३४ सालीं आपल्या बंगल्यांत गॅसचे दिवे लावले. पुढें मुंबईच्या सरकारी वाफेच्या कारखान्याचे ते मुख्य इंजिनियर झाले आणि युरोपियन कामगार त्यांच्या हाताखालीं काम करूं लागले. १८४१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यांना फेलो केलें. हा मान मिळालेले ते पहिले हिंदी गृहस्थ. महाराष्ट्रांतल्या किती मुलांना हें नांव ठाऊक आहे? दुसरे जमशेटजी दोराबजी. गोदींत सुतारकाम करून वर आलेले, पुस्तकी शिक्षण नांवालाच. त्यांनीं आगगाडीच्या बांधकामाचे मक्ते घेतले आणि ते चोख पुरे केले.

आणि बोरघाट! इंजिन कितीहि शूर असलें तरी त्याला वाट करून देणारे हात लागतात. १८५६ पासून १८६३ पर्यंत सह्याद्रींत काम चाललें. सुमारें सोळा मैलांत १८३१ फूट चढ, २५ बोगदे, ८ मोठे पूल. १८६१ सालीं त्या कामावर ४२,००० हून अधिक माणसें होतीं, बायकामुलांसह. कड्यावरून दोर सोडून, हवेंत लोंबकळत सुरुंगाचीं भोकें पाडायचीं. पटकी आली, ताप आले, माणसें पटापट मेलीं. १८५९ च्या जानेवारींत थकलेल्या मजुरीवरून कामगार उठले आणि दंगा झाला. चौकशींत मजुरांच्या गाऱ्हाण्यांत तथ्य निघालें, पहिल्या ठेकेदारानें काम सोडलें. दुसरा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आला आणि थोड्याच आठवड्यांत वारला. तेव्हां त्याची विधवा अ‍ॅलिस ट्रेडवेल हिनें मक्ता स्वतः पुढें चालवला आणि काम तडीस नेलें. बाईचें नांव निदान कागदांत तरी राहिलें. त्या बेचाळीस हजारांचा मात्र आंकडाच राहिला.

इंजिनें हिंदुस्थानांत घडतील काय, अशी शंका पुष्कळ वर्षें होती. १८९५ सालीं अजमेरच्या कारखान्यांत मीटरगेजचें इंजिन पुरतें येथेंच बांधलें गेलें. तें आज दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयांत आहे. त्यावर नंबर आहे, एफ ७३४. घडवणाऱ्या लोहारांचीं, ओतारांचीं, जोडाऱ्यांचीं नांवें नाहींत. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं, १९०० च्या सुमारास, मनमाड ते हैदराबाद ही निजामच्या मुलखांतली मीटरगेजची वाट झाली, आणि आपल्या दौलताबादेला स्टेशन मिळालें. चित्तरंजनच्या कारखान्यांत मोठ्या रुळांचें शेवटचें वाफेचें इंजिन १९७० सालीं तयार झालें. पुढें आपली मीटरगेजहि गेली, रूळ रुंद झाले, वाफेची शिट्टी बंद झाली.

मंडळी, आतां मुद्द्याची गोष्ट. कोणी म्हणेल, नांवें गेलीं तर गेलीं, गाडी तर चालते आहे ना? याचें उत्तर मी मास्तर म्हणून देतों. ज्या मुलाचा बाप गवंडी आहे, सुतार आहे, गॅरेजांत काम करतो, त्या मुलाला पुस्तकांत आपल्या बापासारखा एकहि माणूस दिसत नाहीं. त्याला वाटतें, शोध लावणें हें निराळ्या लोकांचें काम. आपलें काम ओझें उचलण्याचें. आणि ज्याच्या घरीं कोणीं हातांत हातोडा धरला नाहीं, त्यालाहि हेंच वाटतें. दोघांचेंहि नुकसान होतें. पहिला आपल्या हाताला कमी लेखतो, दुसऱ्याचा हातच पांगळा राहतो. इंजिनाचा इतिहास तर उलटें सांगतो. ट्रेव्हिथिक, मरे, हॅकवर्थ, स्टीफन्सन यांच्या हातांना आधीं काळें लागलें आणि मग डोक्यांत उजेड पडला. पण तेवढ्यावर भागलें नाहीं, हेंहि विसरूं नका. हात होते म्हणून स्टीफन्सन थांबला नाहीं. अठराव्या वर्षीं अक्षरांशीं झगडला. पोर कामांत हुशार आहे, आतां शाळा कशाला, असें म्हणून जे पालक आठवींतून पोराला काढून घेतात, त्यांनीं हें ध्यानांत धरावें. आणि पोर हिशेबांत मागें आहे म्हणून जो मास्तर त्याला मठ्ठ ठरवतो, त्यानें ट्रेव्हिथिकच्या मास्तराची आठवण ठेवावी.

माझी एक विनंती आहे. वाफेच्या काळांत मीटरगेजवर काम केलेले फायरमन, ड्रायव्हर, गँगमन, खलाशी आपल्या भागांत अजून कोठें कोठें आहेत. ते आतां फार म्हातारे झाले. बंबांत किती कोळसा केव्हां टाकायचा, पाण्याची पातळी कशी राखायची, आवाजावरून बिघाड कसा ओळखायचा, ही त्यांची विद्या कोणत्याहि पुस्तकांत त्यांच्या नांवानें नाहीं. वरच्या वर्गांतल्या मुलामुलींनीं सुटीच्या दिवशीं वही घेऊन त्यांच्याकडे जावें, विचारावें, लिहून घ्यावें, वर त्यांचें नांव, गांव आणि नोकरीचीं वर्षें घालावीं. पालकांनीं त्यांना सोबत करावी. वह्या शाळेच्या कपाटांत ठेवूं. पुढच्या वर्षीं त्याच वह्यांतून वर्गांत धडा वाचूं. किल्ल्याच्या पाथरवटांना विचारायला आपण सातशें वर्षें उशिरा जन्मलों. ह्या माणसांना विचारायला अजून थोडा वेळ आहे. येत्या रविवारपासून सुरुवात करूं.